साहेबांचा माणूस की क्लबचा माणूस?

रविवार, २६ जुलै २०२०. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले आणि कोरोनामुळे लांबलेल्या इंग्लिश प्रीमियर लीगचे शेवटचे दहा सामने एकदम सुरू झाले. बोर्नमथने एव्हर्टनला त्यांच्याच मैदानावर ३-१ असं हरवलं. तिकडे अ‍ॅस्टन व्हिलाने वेस्ट हॅमशी १-१ अशी बरोबरी साधली. व्हिलाचे ३५ गुण झाले, बोर्नमथचे ३४. सामना जिंकूनही बोर्नमथ एका गुणाने खालच्या लीगमध्ये गेलं.

सहा दिवसांनी, १ ऑगस्टला, मॅनेजर एडी हाऊने क्लब सोडला. पुढच्या आठवड्यात, ८ ऑगस्टला, त्याच्या खुर्चीत त्याचाच सहायक जेसन टिंडल बसला. तीन वर्षांचा करार झाला. ३ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे सहा महिनेही पुरे व्हायच्या आत, त्याला काढलं.

क्लब खाली गेला की मॅनेजर जातो, हे बहुतेक ठरलेलंच. प्रश्न त्याच्यानंतरचा आहे. रिकाम्या खुर्चीत सहायकाला बसवावं की नाही? फुटबॉल बघणारे लोक यावर तावातावाने बोलतात. एक गट म्हणतो, ‘घरचा माणूस आहे, सगळं ठाऊक आहे.’ दुसरा म्हणतो, ‘बुडवणाऱ्यांतलाच तो एक, त्याला कशाला?’ मला दोन्ही बाजू घाईच्या वाटतात. सहायक-सहायकात फरक असतो आणि तो ओळखला की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आधी खाली जाणं म्हणजे काय, ते बघू. प्रीमियर लीगमध्ये २० संघ. शेवटचे तीन दरवर्षी चॅम्पियनशिप नावाच्या दुसऱ्या श्रेणीत जातात. यालाच रेलिगेशन म्हणतात. चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ आणि प्रत्येकाला ४६ सामने. पहिले दोन थेट वर येतात. इथे ज्या हंगामांबद्दल लिहितोय त्यांत तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार संघ प्ले-ऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, खेळायचे आणि त्यांतला एकच वर जायचा. प्रीमियर लीगमध्ये ३८ सामने असतात, इथे आठ जास्त. शनिवारी सामना, मंगळवारी पुन्हा सामना, मग पुन्हा शनिवार, असे कित्येक आठवडे जातात. वर वर्षभर मार खाल्लेल्या संघाकडून इथे प्रत्येक सामना जिंकण्याची अपेक्षा असते. समोरचे संघ बचावाला दहा माणसं लावून बसतात. खेळ तोच, पण काम अगदी वेगळं.

पैशाचं गणित तर याहून अवघड. टीव्हीच्या हक्कांचं उत्पन्न धाडकन खाली येतं. ते सोसावं म्हणून प्रीमियर लीग खाली गेलेल्या क्लबांना काही वर्षं ‘पॅराशूट’चे पैसे देते. वरच्या क्लबांना समान वाटून मिळणाऱ्या टीव्हीच्या पैशातला पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के वाटा, असा हिशेब. वर एकच हंगाम काढून परत आलेल्या क्लबाला तिसरं वर्ष मिळत नाही. म्हणजे पहिल्या एक-दोन वर्षांत परत चढलात तर ठीक, नाहीतर मोठ्या पगारांचे करार गळ्याशी येतात. खेळाडू विकावे लागतात आणि चांगले आधी जातात. बोर्नमथमधून त्याच उन्हाळ्यात बचावपटू नेथन आके मँचेस्टर सिटीला गेला, आघाडीवीर कॅलम विल्सन न्यूकॅसलला, गोलरक्षक आरन रॅम्सडेल शेफिल्ड युनायटेडला. संघाचा कणाच गेला म्हणा.

अशा वेळी मालकाला सहायक सोयीचा वाटतो, यात नवल नाही. दुसऱ्या क्लबातून मॅनेजर आणायचा तर त्या क्लबाला भरपाई मोजावी लागते. शिवाय नवा माणूस आपली चार-पाच माणसं घेऊन येतो, त्यांचे पगार वेगळे. सहायक आधीच पगारावर आहे. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं घरी बिनसलंय, कोण मंगळवारच्या सरावाला अंग चोरतो, हे त्याला विचारायची गरज नाही.

पण सहायक दिवसभर नक्की करतो काय? मैदानावर शंकू मांडून सरावाची आखणी करतो, कॉर्नर आणि फ्री किकला कोण कुठे उभं राहील ते घोटून घेतो, प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती बघतो. हे झालं दिसणारं काम. न दिसणारं काम शुक्रवारी असतं. मॅनेजर अकरा नावं सांगतो. ज्याचं नाव आलं नाही तो मान खाली घालून बूट काढत बसतो. मॅनेजर निघून जातो आणि सहायक त्या पोराच्या शेजारी बाकावर येऊन टेकतो. ‘पुढच्या आठवड्यात बघू, तू सराव सोडू नकोस.’ पोरगा त्याच्याकडे मन मोकळं करतो, मॅनेजरबद्दल चार वाईट शब्दही बोलतो. ते शब्द तिथेच राहतील असा त्याला भरवसा असतो.

आता तोच सहायक मॅनेजर झाला. पुढच्या शुक्रवारी नाव तोच वगळणार. ज्याच्यापाशी गाऱ्हाणं करायचं त्याच्याविरुद्धच गाऱ्हाणं. एकत्र कुटुंबात आजोबा गेल्यावर धाकटे काका कर्ते होतात, तेव्हा घरातल्या पोरांना जे अवघडलेपण येतं, तसंच हे. सहायकाला मॅनेजर करायचं म्हणजे क्लबातला एक मोकळा कानही जातो, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. तिथे नवा माणूस लगेच नेमावा लागतो.

आता त्या फरकाकडे येतो.

सहायक दोन प्रकारचे असतात. एक साहेबांचा माणूस, दुसरा क्लबचा माणूस. साहेबांचा माणूस साहेबांबरोबर येतो आणि बहुतेक वेळा त्यांच्याबरोबरच जातो. क्लबचा माणूस साहेब येवोत-जावोत, तिथेच असतो. टिंडल पहिल्या प्रकारातला. तो आणि हाऊ दोघंही बोर्नमथचे जुने खेळाडू. २००८ च्या अखेरीस हाऊच्या हाती संघ आला तेव्हा क्लब चौथ्या श्रेणीत होता आणि दिवाळखोरीच्या नियमांत न बसल्यामुळे १७ गुण कापले गेले होते. टिंडल लगेचच त्याचा सहायक झाला. २०११ मध्ये हाऊ बर्नलीला गेला, टिंडलही गेला. २०१२ मध्ये हाऊ परतला, टिंडलही परतला. २०१३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून वर, २०१५ मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये. जेमतेम ११ हजार माणसांच्या मैदानाचा हा क्लब पाच हंगाम तिथे टिकला. हे सगळं दोघांनी मिळून केलं. फुटबॉलमध्ये इतकी सुंदर जोडी मी क्वचित पाहिली आहे.

पण म्हणूनच टिंडलला नेमणं म्हणजे हाऊचाच काळ हाऊशिवाय पुढे ढकलणं होतं. तीच पद्धत, तेच शब्द, तीच सरावाची मांडणी, आणि ज्याच्या तोंडून खेळाडूंना ते सगळं ऐकायची सवय होती तोच माणूस नाही. दमलेल्या ड्रेसिंग रूमला नव्या आवाजाची गरज होती.

मालकांना हे का दिसलं नसेल? मला वाटतं, त्या एका गुणामुळे. १७ जूनला व्हिला आणि शेफिल्ड युनायटेडच्या सामन्यात शेफिल्डच्या फ्री किकवर व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू धरला तो गोलरेषेच्या आत. गोलरेषा ओळखणारी यंत्रणा चाललीच नाही, पंचांच्या घड्याळावर खूण आली नाही आणि सामना ०-० सुटला. तो एक गुण व्हिलाला मिळाला नसता तर दोघांचेही ३४ गुण झाले असते आणि गोलफरकावर बोर्नमथ वाचलं असतं. इतक्या थोडक्यात बुडालेल्या माणसाला वाटतं की आपलं काही चुकलं नाही, नशीब आडवं आलं. मग तो काहीच बदलत नाही. पण ३८ सामन्यांत ३४ गुण घेणारा संघ एका बिघडलेल्या यंत्रामुळे दुबळा होत नाही, तो आधीच दुबळा झालेला असतो.

टिंडलवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं. त्याला काढलं तेव्हा संघ लागोपाठ चार लीग सामने हरला होता, तरी सहाव्या जागेवर, म्हणजे प्ले-ऑफच्या चौकटीत होता. त्याच्या जागी जोनाथन वुडगेट आला. तोही सहाव्याच जागेवर थांबला आणि प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत ब्रेंटफर्डकडून हरला. आके, विल्सन, रॅम्सडेल गेलेला संघ कदाचित तेवढाच होता. त्याला काढण्याची घाई आणि त्याला नेमण्याची घाई, दोन्ही मला एकाच जातीच्या वाटतात.

आता दुसरं टोक. रविवार, २४ मे २००९. पुन्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. न्यूकॅसलला व्हिलाच्या मैदानावर नुसती बरोबरी पुरे होती, कारण खाली जाण्यापासून वाचू पाहणारा दुसरा क्लब, हल, तिकडे हरत होता. ३८ व्या मिनिटाला गॅरेथ बॅरीचा फटका न्यूकॅसलच्याच डेमियन डफला लागून आपल्या जाळ्यात गेला. ०-१. तेवढ्यावर सोळा वर्षांचं वरच्या श्रेणीतलं वास्तव्य संपलं. टीव्हीवर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेली मोठी माणसं रडताना दिसत होती, ते मला अजून आठवतं.

त्या एका हंगामात न्यूकॅसलच्या बाकावर किती माणसं बसली ते मोजा. सप्टेंबरमध्ये केव्हिन कीगनने राजीनामा दिला. प्रशिक्षक ख्रिस ह्यूटनने तात्पुरता भार घेतला. मग जो किनियर आला. फेब्रुवारीत तो हृदयविकाराने आजारी पडला, पुन्हा ह्यूटन. एप्रिलमध्ये क्लबचा लाडका अ‍ॅलन शिअरर आठ सामन्यांसाठी आला, त्यांतला एकच जिंकला. क्लब खाली गेल्यावर मालक माइक अ‍ॅशलेने क्लब विकायला काढला. शिअररला होकारही मिळेना, नकारही मिळेना. जुलैत तिसऱ्या श्रेणीतल्या लेटन ओरिएंटने सरावाच्या सामन्यात न्यूकॅसलला ६-१ असं धुतलं. त्यानंतर खेळाडूंनी आपसात बसून सोक्षमोक्ष लावला. ज्याला जायचंय त्याने जावं, जो राहील त्याने मनापासून राहावं.

मैदानावर संघ उभा करायला होता कोण? ह्यूटनच. त्याला कुठल्या एका साहेबाने मांडीवर बसवून आणलं नव्हतं. टॉटनहॅममध्ये त्याने वर्षानुवर्षं एकामागून एक मॅनेजरांच्या हाताखाली काम केलेलं. आवाज न चढवणारा, रोज वेळेवर मैदानात दिसणारा माणूस. वर सगळा गोंधळ होता तेव्हा खाली सराव ठरल्या वेळेला होत होता, तो याच्यामुळे. मायकेल ओवेन, मार्टिन्स, बासाँग, डफ गेले. उरलेल्यांत केव्हिन नोलन, गोलरक्षक स्टीव्ह हार्पर, कोलोचिनी आणि न्यूकॅसलजवळच्याच गेट्सहेडचा तरणाबांड अँडी कॅरोल. २७ ऑक्टोबर २००९ ला अ‍ॅशलेने क्लब विकण्याचा बेत रद्द केला आणि त्याच दिवशी ह्यूटनला कायम केलं. हंगाम संपला तेव्हा न्यूकॅसलचे १०२ गुण होते, ४६ पैकी फक्त चार पराभव, घरच्या मैदानावर लीगमध्ये एकही नाही. नोलन आणि कॅरोल दोघांनीही लीगमध्ये १७-१७ गोल केले.

बोर्नमथ आणि न्यूकॅसल, दोन्हीकडे सहायकच खुर्चीत बसला. मग एकीकडे जमलं आणि दुसरीकडे नाही, असं का? माझं उत्तर क्लब कशामुळे पडला त्यात आहे. न्यूकॅसल वरच्या धरसोडीने पडलं. तिथे ह्यूटन ही एकमेव स्थिर गोष्ट होती, त्याला ठेवणं हाच मोठा बदल ठरला. बोर्नमथ एका माणसाच्या मोठ्या, यशस्वी आणि आता थकलेल्या कारकिर्दीच्या शेवटी पडलं. तिथे स्थैर्य फार झालं होतं. औषध एकच, पण आजार उलटे.

फुलहॅमचं उदाहरण ह्यूटनच्या बाजूचं आहे. २०१८-१९ मध्ये त्यांनी मॅनेजर योकानोविच काढला, रानिएरी आणला, तोही काढला. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस संघ स्कॉट पार्करकडे आला. तो योकानोविचच्या वेळेपासून प्रशिक्षकांत होता, त्याआधी क्लबचा खेळाडू. २ एप्रिलला क्लब खाली गेल्याचं नक्की झालं. त्यानंतर गमावण्यासारखं काही उरलं नसताना फुलहॅमने एव्हर्टन, बोर्नमथ आणि कार्डिफला लागोपाठ हरवलं. मला हे तीन सामने फार मोलाचे वाटतात. खाली गेलेल्या संघाचे शेवटचे सामने लोक बघतही नाहीत. पण सहायकाच्या शब्दाखातर खेळाडू अजून पळतात की नाही, हे तिथेच कळतं. १० मे रोजी पार्करला कायम केलं आणि पुढच्या हंगामाच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात, ४ ऑगस्ट २०२० ला, फुलहॅम ब्रेंटफर्डला २-१ असं हरवून परत वर आलं. बोर्नमथमध्ये टिंडलची नेमणूक झाली ती यानंतर चारच दिवसांनी. शेजारचं उदाहरण डोळ्यासमोर ताजं होतं, त्याचा परिणाम झाला नसेल असं मला वाटत नाही.

मात्र क्लबचा माणूस आहे म्हणून डोळे मिटून खुर्ची द्यावी, असंही नाही. २०१४ मध्ये नॉरिचने हंगामाचे पाच सामने उरले असताना मॅनेजर काढला. तो मॅनेजर होता हाच ख्रिस ह्यूटन. त्याच्या जागी युवा संघाचा प्रशिक्षक नील अ‍ॅडम्स आला. क्लबचा जुना खेळाडू, आदल्याच वर्षी त्याच्या पोरांनी एफए युवा चषक जिंकला होता. पाच सामन्यांत एक गुण मिळाला, क्लब खाली गेला, तरी मे महिन्यात त्यालाच कायम केलं. जानेवारी २०१५ मध्ये त्याने राजीनामा दिला. मग स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन क्लबचा ३३ वर्षांचा अ‍ॅलेक्स नील आला आणि त्याच संघाला घेऊन मे महिन्यात वेम्बलीवर प्ले-ऑफ जिंकून वर गेला. अ‍ॅडम्सबद्दल आपुलकी खरी होती, पण त्या पाच सामन्यांनी जे सांगितलं ते नॉरिचने ऐकलं नाही.

वेस्ट ब्रॉमविचने ऐकलं, पण टिकवलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये डॅरन मूरने हंगामी भार घेतला तेव्हा संघ तळाला होता. सहा सामन्यांत ११ गुण, त्यात मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, १-० असं हरवलं. एप्रिलचा सर्वोत्तम मॅनेजर तोच. क्लब तरी गेला, पण मूर कायम झाला, आणि योग्यच झाला. मार्च २०१९ मध्ये संघ चौथा असताना त्याला काढलं. थेट वर जाण्याच्या दोन जागा सुटत चालल्या म्हणून. त्याच्यानंतर क्लब प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरला. सहायकाला खुर्ची देताना ‘या वर्षी चढायचंच आहे की दोन वर्षं देणार आहोत’ हे आधी बोलून घ्यावं लागतं. बाहेरून आलेला मोठा माणूस हे करारात लिहून घेतो. घरचा माणूस भिडेपोटी विचारत नाही.

गोव्यातल्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. इंडियन सुपर लीगमध्ये तेव्हा खाली जाणं नव्हतं, पण खुर्चीचा प्रश्न होताच. जानेवारी २०२० च्या शेवटी एफसी गोवाने सर्जिओ लोबेराला काढलं, साखळीचे तीन सामने बाकी होते. क्लबच्याच प्रशिक्षकांतल्या क्लिफर्ड मिरांडाने भार घेतला आणि तिन्ही जिंकले, शेवटचा जमशेदपूरविरुद्ध ५-० असा. क्लब साखळीत पहिला आला. पुढच्या हंगामासाठी खुर्ची मात्र बाहेरून आलेल्या हुआन फेरांडोला मिळाली. २०२३ मध्ये क्लिफर्डने ओडिशाचा हंगामी प्रशिक्षक म्हणून सुपर कप जिंकून दिला. त्यानंतर ओडिशाने नेमलं ते लोबेराला. आपल्याकडे भारतीय सहायकाला तेव्हा सहसा ‘तात्पुरता’ या शब्दाच्या पुढे सरकू देत नसत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अलीकडचं सगळ्यात शहाणं उत्तर मला बर्नलीचं वाटतं. मे २०२४ मध्ये बर्नली २४ गुणांवर खाली गेलं आणि तरीही बायर्न म्युनिकने त्यांचा मॅनेजर व्हिन्सेंट कॉम्पनीला नेलं. मागे क्रेग बेलमी उरला. हुशार, तापट, खेळाडूंचा लाडका, पण कॉम्पनीबरोबर आलेला. काही आठवडे संघ त्याच्याकडे होता. क्लबने घाई केली नाही. जुलैत त्यांनी स्कॉट पार्करला आणलं, जो तोवर फुलहॅमला आणि टिंडल-वुडगेटनंतर बोर्नमथलाही वर घेऊन गेला होता. पार्करच्या बर्नलीने ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, १०० गुण मिळवले आणि क्लब वर गेला. बेलमीचंही वाईट झालं नाही. पार्कर आल्यावर काही दिवसांतच त्याला वेल्स राष्ट्रीय संघ मिळाला, आणि त्याच वर्षी नेशन्स लीगच्या गटात एकही सामना न हरता वेल्स वरच्या श्रेणीत गेलं. जिथे तो कुणाचा उरलेला माणूस नव्हता, तिथे त्याचं काम लगेच दिसलं.

टिंडलचं पुढे काय झालं? नोव्हेंबर २०२१ मध्ये एडी हाऊ न्यूकॅसलचा मॅनेजर झाला आणि टिंडल त्याच्या शेजारी पुन्हा जाऊन उभा राहिला. १६ मार्च २०२५ ला वेम्बलीवर न्यूकॅसलने लिव्हरपूलला २-१ असं हरवून लीग कप जिंकला. १९५५ नंतरचा देशातला पहिला मोठा चषक. त्या दिवशी रेषेलगत हाऊ हाताची घडी घालून उभा होता आणि पावलाभर पुढे, हात हलवत, ओरडत, बचावातल्या एकेकाला जागेवर आणत टिंडल.